वेगवान मशीनवर बसून हळू मशीनवाल्याचा त्रास कसा मोजायचा?

कोडकर_जळगाव | १० मे, रात्री ११:१०

राम राम मंडळी. जळगावात मी कृषी सेवा केंद्रांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतो, एकटाच आहे, चोपडा, यावल, अमळनेर, पारोळा या बाजूचे दुकानदार वापरतात. माझं मशीन नवं आहे, आठ कोअरचं रायझन, ३२ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क). दुकानांमध्ये काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे, दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि मशीन घेतलं त्या दिवसापासून फिरत असलेली तीच हार्ड डिस्क.

गेल्या जूनमध्ये चोपड्याच्या एका दुकानात मुद्दाम जाऊन बसलो होतो. नुकताच पाऊस झालेला, पेरणीची घाई, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, कुणाला कापसाचं बियाणं पाहिजे कुणाला डीएपी कुणाला तणनाशक, आणि एकेक बिल बारा-तेरा आयटमचं. सेव्ह दाबलं की स्क्रीन गोठायची. मोबाइलवर घड्याळ लावून मोजलं तर सात ते आठ सेकंद, प्रत्येक बिलाला. समोर म्हातारा शेतकरी काउंटरला हात टेकून उभा, त्याची एसटी सुटायची वेळ झालेली, आणि माझं सॉफ्टवेअर नुसतं पांढरं होऊन बसलेलं. मला खाली बघावं लागलं. घरी हेच बिल बटणावरचं बोट उचलायच्या आत सेव्ह होतं हो.

मग घरी येऊन माझंच मशीन मंद केलं. पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट २० टक्के केलं, विंडोजच्या एमएसकॉन्फिग टूलमध्ये बूटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शनमधून दोनच प्रोसेसर आणि ४ जीबी मेमरी ठेवली. विंडोज रडतखडत चालू झालं, ब्राउझर उघडायला वेळ लागायला लागला, पण बिल? बिल तरी झटकनच सेव्ह झालं. म्हणजे मशीन हळू झालं पण दुकानातला त्रास काही माझ्या टेबलावर आला नाही.

यंदाचा खरीप तोंडावर आलाय. हे वेगवान मशीनवरच बसून पकडता येतं का, की जुनं मशीन घेतल्याशिवाय गत्यंतर नाही? ज्यांनी असं टेस्टिंग केलंय त्यांनी सविस्तर सांगा, वाचायला कंटाळणार नाही.

पुण्यातला_खानदेशी | १० मे, रात्री ११:५२

भाऊ स्पष्ट सांगतो, राग मानू नका. दुकानदाराला म्हणा २४० जीबीची एसएसडी टाकून घे, एका दिवसाच्या गल्ल्यातून निघते. तुम्ही महिनाभर रात्री जागणार त्यापेक्षा ते स्वस्त. आमच्या कंपनीत पण किमान हार्डवेअर ठरवून टाकलंय, त्याखाली सपोर्ट नाही.

कोडकर_जळगाव | ११ मे, सकाळी ७:३०

राग कसला. एसएसडीचं मी पण सांगतोच, काहींनी टाकली पण. पण ऐन हंगामात कुणी मशीन उघडू देत नाही आणि हंगाम संपला की विसरतात. आणि मला हे पण खटकतं की तेच मशीन त्यांच्याकडे टॅली बरं चालवतं, मग माझंच का अडतं? चूक माझ्या कोडमध्ये असणार आणि ती मला माझ्या मशीनवर दिसत नाहीये.

शिरपूर_लॅब | ११ मे, दुपारी १:१५

शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं, म्हणून डबा बाजूला ठेवून लिहितेय. मी शिरपूरला इंजिनियरिंगच्या पोरांना शिकवते आणि हा प्रश्न दर वर्षी प्रोजेक्टच्या वेळी येतो.

"हळू मशीन" म्हणजे सगळं सारख्या प्रमाणात हळू असं नसतं, घोळ तिथे आहे. तुमचा प्रोसेसर त्या आय-थ्रीपेक्षा एका कोअरला दोन-तीन पट वेगवान असेल. पण डिस्कचं बघा. ७२०० आरपीएमची डिस्क म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. नेमका हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, आणि हेड सरकायला लागणारे आठ-दहा मिलिसेकंद वेगळे. एसएसडीत फिरायला काही नसतंच, तिथे वाचायला एक दशांश मिलिसेकंद किंवा त्याहून कमी लागतो. म्हणजे फरक शंभर पटीचा. तुम्ही प्रोसेसर २० टक्क्यांवर आणला, पण काम जर डिस्कपाशी अडत असेल तर प्रोसेसर तसाही रिकामाच बसलेला असतो, त्याला हळू करून काय होणार?

तुमचा डेटाबेस कुठला? एस्क्यूलाइट (एकाच फाइलमध्ये चालणारा छोटा डेटाबेस) असेल तर त्यांच्याच प्रश्नोत्तरांत लिहिलंय की साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला ५०,००० इन्सर्ट (नवी ओळ घालणं) आरामात होतात, पण ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्का होणारा कामांचा गठ्ठा) मात्र काही डझनच, कारण एका ट्रान्झॅक्शनला डिस्कचे साधारण दोन पूर्ण फेरे लागतात, म्हणजे ७२०० आरपीएमवर सेकंदाला साधारण ६०. प्रत्येक कमिटला, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं करताना, डेटा खरोखर तबकडीवर उतरला का याची खात्री होईपर्यंत थांबावं लागतं, आणि लाइट गेली तरी बिल राहावं म्हणून ते थांबणं गरजेचंच आहे.

तर आता सेकंद मोजू नका. एक बिल सेव्ह करताना किती कमिट होतात तेवढं मोजून इथे सांगा. हा आकडा तुमच्या मशीनवर आणि चोपड्याच्या मशीनवर एकच येणार.

कोडकर_जळगाव | ११ मे, रात्री ९:४०

मॅडम, डेटाबेस एस्क्यूलाइटच आहे. कमिट मोजले. तेरा आयटमच्या बिलाला ५३ कमिट. बिलाची एक ओळ, बॅच आणि एक्सपायरीची नोंद, स्टॉक वजा करणं, खातेवही, असे आयटममागे चार आणि वर बिलाचं हेडर एक. सगळे सुटे सुटे, कारण सुरुवातीला एकेक फंक्शन लिहीत गेलो आणि प्रत्येकाने आपापलं कमिट केलं.

माझ्याकडे ५३ कमिट होऊन पण ५० मिलिसेकंदांच्या आत काम होतं, म्हणून कधी जाणवलंच नाही. पण तुमच्या हिशोबाने सेकंदाला ६० धरले तर ५३ ला एक सेकंद लागायला पाहिजे, सात-आठ कसे लागतात?

शिरपूर_लॅब | ११ मे, रात्री १०:२०

६० हा चांगल्या दिवसाचा आकडा आहे. एस्क्यूलाइट नेहमीच्या पद्धतीत आधी जर्नल फाइल (काम अर्धवट राहिलं तर मागे फिरता यावं म्हणून जुन्या डेटाची प्रत) बनवतं, ती फ्लश करतं (खरोखर डिस्कवर उतरवतं), मग मूळ फाइल लिहून फ्लश करतं, मग जर्नल काढून टाकतं. दोन फाइली डिस्कवर दोन ठिकाणी, हेडची ये-जा चालू. त्यात अँटिव्हायरस प्रत्येक नवी फाइल तपासतो आणि तुमची जर्नल फाइल एका बिलात ५३ वेळा जन्माला येते. तुमच्या मशीनवर पण तो तपासतोच, पण तिथे कळत नाही.

सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये घ्या. तसं पण बिल अर्धं सेव्ह होऊन लाइट गेली तर स्टॉक चुकणार, म्हणजे हे वेगासाठी करायचं त्याआधी बरोबर हिशोबासाठीच करायला हवं होतं.

भुसावळ_रिपेअर | १२ मे, दुपारी ३:०५

कंप्युटर रिपेअरिंगमध्ये बरीच वर्षं झाली, मॅडमच्या बोलण्यात माझी भर. आत्ता भुसावळला बाहेर काय उन्ह आहे ते सांगायला नको, ४५ च्या वर गेलंय. अशा दिवसांत माझ्याकडे जी मशीन येतात त्यातल्या कितीतरी मशीनना काही झालेलंच नसतं, फॅनमध्ये धूळ आणि जिनिंगजवळची दुकानं असतील तर कापसाची फूस अडकलेली असते, हीटसिंकवरची पेस्ट वाळून गेलेली असते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला स्वतःचा वेग उतरवतो. म्हणजे तेच मशीन डिसेंबरात बरं चालतं आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता रडतं. तुम्ही एसीत बसून टेस्ट केलं तर हे कुठून दिसणार.

दुसरं म्हणजे रॅमची एकच पट्टी असते, मग मेमरी एकाच चॅनलवर चालते. त्या ४ जीबीतूनच ग्राफिक्सला वाटा जातो. त्यात क्रोम उघडं, व्हॉट्सॲप उघडं, खाली अँटिव्हायरस. मग विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर टाकत बसतं, आणि डिस्क तर आधीच बिलाने दमलेली. हार्ड डिस्कमध्ये एखादा सेक्टर खराब असेल तर तीच जागा ती परत परत वाचत बसते, तेव्हा एका क्लिकला सेकंद सेकंद जातात.

भाऊ, जुनं मशीन घ्याच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या प्रोसेसरवर ११ अधिकृतपणे बसत नाही, तेव्हापासून ऑफिसांमधून ढिगाने मशीन निघताहेत. माझ्याकडे या, भंगारात जाणारं एक देतो, फक्त साफ करून देणार नाही, तुम्हाला तसंच पाहिजे.

सातपुडा_वेब | १२ मे, रात्री ८:३०

मी धुळ्यात वेब आणि मोबाइलचं काम करते. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये परफॉर्मन्स पॅनेलला सीपीयू ४ पट, ६ पट हळू करायची सोय आहे, लाइटहाउस (वेबपानाचा वेग तपासणारं टूल) मोबाइलच्या टेस्टला आपणहून ४ पट हळू करतं आणि नेटवर्क १५० मिलिसेकंद फेरा, १.६ एमबीपीएस धरतं. पण ही पट तुमच्या स्वतःच्या मशीनच्या मानाने आहे. तुमच्या रायझनचं "४ पट हळू" आणि माझ्या जुन्या लॅपटॉपचं "४ पट हळू" या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. म्हणून आधी एक छोटी गणिताची लूप दोन्हीकडे चालवून प्रमाण काढायचं आणि तेवढीच पट लावायची, हल्लीच्या क्रोममध्ये कॅलिब्रेट करायची सोय पण आलीय. आणि त्याने ग्राफिक्स, रॅम, डिस्क हळू होत नाहीत हे लक्षात ठेवा.

माझा अनुभव सांगते. नंदुरबार जिल्ह्यात एका संस्थेसाठी सर्व्हेचं ॲप केलं होतं, अक्कलकुवा आणि धडगाव भागात बायका घरोघरी फिरून फॉर्म भरायच्या. माझ्या फोनवर दोन महिने टेस्ट केलं, सगळं नीट. तिकडे पहिल्याच आठवड्यात तक्रार आली की फॉर्म भरून झाला, शेवटी फोटो काढला की फॉर्म कोरा. मला वाटलं काहीतरी चुकीचं दाबत असतील, असं मी बोलून पण गेले, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. गाडी करून वर गेले, एका ताईच्या शेजारी ओट्यावर बसून बघितलं तर तसंच होत होतं. फोन २ जीबी रॅमचा. कॅमेरा उघडला की अँड्रॉइड जागा करायला मागचं माझं ॲप मारून टाकायचं, परत आलं की ॲप नव्याने सुरू, भरलेलं सगळं गेलं. डोंगर चढून घरोघरी जायचं आणि एकेका घरात चाळीस प्रश्न परत विचारायचे.

माझ्या १२ जीबीच्या फोनवर हे कधीच झालं नसतं. पण ते माझ्या फोनवर मुद्दाम करता येत होतं, डेव्हलपर ऑप्शनमध्ये "डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज" म्हणून एक बटण आहे, ते चालू केलं की स्क्रीन सोडल्या सोडल्या अँड्रॉइड ती मोडून टाकतं. ते बटण मला माहिती होतं, वापरलं नव्हतं. आता प्रत्येक बिल्डला पहिलं तेच चालू करते.

पुण्यातला_खानदेशी | १२ मे, रात्री ९:१५

ताई, हे वाचून माझं परवाचं बोलणं मला थोडं मागे घ्यावं लागेल. तिथे एसएसडी टाका म्हणण्याला काही अर्थच नाही.

मागे यूट्यूबच्या एका इंजिनियरने लिहिलेलं वाचलं होतं, त्यांनी व्हिडिओचं पान १.२ एमबीवरून १०० केबीच्या खाली आणलं आणि थोड्या लोकांना दिलं, तर पान उघडायचा सरासरी वेळ उलट वाढला. नंतर कळलं की ज्यांच्याकडे आधी पान उघडतच नव्हतं अशा भागातले लोक पहिल्यांदाच वापरायला लागले होते आणि ते मोजणीत आले. आमच्या रिपोर्टमध्ये पण "हळू मशीनवाले फार कमी आहेत" असं येतं. ते कमी का आहेत हे आम्ही कधी विचारलं नाही, उद्या मीटिंगमध्ये विचारतो.

बाकी कोडकर भाऊंना एक सुचवतो, व्हर्च्युअल मशीन (तुमच्याच मशीनच्या आत चालणारं दुसरं, नकली मशीन) बनवा, दोन कोअर, ४ जीबी, आणि त्याची डिस्क फाइल तुमच्या एसएसडीवर न ठेवता जुन्या यूएसबी हार्ड डिस्कवर ठेवा. म्हणजे फिरणारी डिस्क फुकटात मिळाली.

शिरपूर_लॅब | १२ मे, रात्री १०:०५

चांगली युक्ती, पण त्यात दोन खड्डे आहेत, आमची पोरं दोन्हीत पडलीत. एक, होस्टची, म्हणजे तुमच्या खऱ्या मशीनची, आय/ओ कॅश (डिस्कचा डेटा रॅममध्ये धरून ठेवणं) बंद करा, नाहीतर तुमची ३२ जीबी रॅम आडवी येते आणि डिस्कपर्यंत काही जातच नाही. दोन, व्हर्च्युअलबॉक्स (अशी मशीन चालवणारा प्रोग्राम) आतल्या सिस्टिमची फ्लशची विनंती नेहमीच्या सेटिंगमध्ये दुर्लक्षित करतं, वेग यावा म्हणून, त्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय. म्हणजे तुमचे ५३ कमिट तिथे परत झटकन होतील आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. ते सेटिंग बदलूनच मोजा. लिनक्सवर असाल तर डीएम-डिलेने डिस्कच्या प्रत्येक वाचण्या-लिहिण्याला ठरावीक मिलिसेकंद उशीर लावता येतो, ते मला जास्त भरवशाचं वाटतं, आणि सिस्टमडीने एकट्या प्रोग्रामला प्रोसेसरचा आणि मेमरीचा कोटा बांधून देता येतो.

आणि एकदा चालवून झालं की दुसऱ्यांदाचा आकडा खरा धरू नका, तोवर सगळं रॅममध्ये आलेलं असतं. दुकानदार सकाळी शटर उघडून मशीन चालू करतो ती वेळ थंड असते. मशीन रीस्टार्ट करून पहिलाच आकडा घ्या, किंवा विंडोजवर रॅममॅप टूलने स्टँडबाय लिस्ट (रॅममध्ये धरून ठेवलेला डेटा) रिकामी करून मग घ्या.

अजून एक राहिलं. तुमच्याकडे टेस्टचा डेटा किती आहे? दुकानात पाच वर्षांची बिलं आहेत आणि तुमच्याकडे वीस नमुन्याची असतील तर वेगवान मशीन कितीही हळू करा, काही कळणार नाही. लाखभर बिलांची फाइल बनवा. इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नसलेली क्वेरी मग तुमच्या रायझनवर पण दिसेल.

चोपडा_सेवाकेंद्र | १३ मे, रात्री १०:३०

तुमनं बठ्ठं खरं शे भाऊ. मी तोच दुकानदार. मुलाने हा धागा दाखवला म्हणून लिहितो, टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मशीनचं मला कळत नाही, काउंटरवर काय होतं ते सांगतो. सेव्ह दाबलं आणि काहीच झालं नाही तर माणूस परत दाबतो. गेल्या जूनमध्ये माझ्या पोऱ्याने असं दोनदा दाबून पाच-सहा बिलं दोनदा झाली, स्टॉक जुळेना, रात्री बारापर्यंत पोती मोजली. आठ सेकंद लागले तरी चालेल असं मी म्हणत नाही, पण निदान "सेव्ह होतंय" एवढं तरी लिहून येऊ द्या. शेतकरी आम्हाला विचारतो काय झालं, आम्हाला पण माहीत नसतं. गिऱ्हाईक उभं असताना आठ सेकंद फार असतात. वर नाव शोधताना अक्षर दाबलं की ते उशिरा उमटतं, मग पोऱ्या दोनदा दाबतो आणि चुकीचं औषध निवडलं जातं. ते जास्त धोक्याचं आहे, पिकावर जायचं असतं ते.

कोडकर_जळगाव | १३ मे, रात्री ११:२०

अप्पा, दोनदा बिलाचं तुम्ही मला तेव्हा सांगितलं नव्हतं. माफ करा. बटण दाबल्याबरोबर ते बंद व्हायला पाहिजे आणि मजकूर यायला पाहिजे, हे उद्याच करतो. अक्षर उशिरा उमटण्याचं मला अजिबात माहिती नव्हतं, माझ्याकडे ते दिसतच नाही.

शिरपूर_लॅब | १४ मे, सकाळी ८:१०

अप्पांनी जे सांगितलं त्यावर जुना अभ्यास आहे, जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही शिकवतो: ०.१ सेकंदापर्यंत माणसाला लगेच झालं असं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्षच उडतं. अक्षर उमटणं पहिल्या मर्यादेत बसलं पाहिजे, बिल सेव्ह दुसऱ्या.

सर्चमध्ये प्रत्येक अक्षराला किती ओळी डेटाबेसमधून आणता आणि किती स्क्रीनवर काढता, ते मोजा.

भुसावळ_रिपेअर | १४ मे, दुपारी १२:४०

मशीन काढून ठेवलंय भाऊ. आय-थ्री २१००, ४ जीबीची एक पट्टी, ५०० जीबी हार्ड डिस्क, फॅनमध्ये फूस तशीच आहे. एक सांगून ठेवतो, तुमचा प्रोग्राम नव्या मशीनवर "याच प्रोसेसरसाठी" अशा सेटिंगने बिल्ड करत असाल तर तो यावर उघडणारच नाही. या प्रोसेसरला एव्हीएक्स-२ (वेगवान गणितासाठीच्या प्रोसेसरच्या खास सूचना) नाही, इंटेलमध्ये ते २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आलं. स्वस्तातल्या नव्या सेलेरॉन एन-४०२० ला तर एव्हीएक्सच नाही, म्हणजे नवं मशीन आहे म्हणून पण गाफील राहू नका. माझ्याकडे एक गिऱ्हाईक असा प्रोग्राम घेऊन आलं होतं, बिचाऱ्याने त्यापायी दोनदा विंडोज टाकून घेतलं.

कोडकर_जळगाव | २ जून, रात्री १२:१५

उशिरा लिहितोय. काय काय झालं ते एकत्र सांगतो.

५३ कमिटचं एक कमिट केलं. भुसावळचं मशीन माझ्या टेबलाशेजारी ठेवलंय, एसी बंद करून दुपारी दोन वाजता चालवतो, घरचे ओरडतात. जुन्या कोडने त्यावर तेरा आयटमचं बिल साडेसहा सेकंदांत सेव्ह झालं, म्हणजे दुकानाच्या जवळपास. नव्या कोडने अर्ध्या सेकंदाच्या आत.

सर्चमध्ये तर मलाच धक्का बसला. प्रत्येक अक्षराला मी आख्खी आयटम लिस्ट आणत होतो, पाच हजार ओळी, आणि सगळ्या ग्रिडमध्ये भरत होतो. "मोनो" टाइप केलं की चार वेळा पाच-पाच हजार. आता पहिल्या तीसच ओळी आणतो आणि बोट थांबल्यावर १५० मिलिसेकंदांनी आणतो. त्या मशीनवर अक्षर आता बोटाबरोबर उमटतं.

आणि एक सवय लावून घेतली. बिल सेव्हला एकापेक्षा जास्त कमिट झाले किंवा सर्चला तीसपेक्षा जास्त ओळी आल्या तर माझी टेस्टच फेल होते, रायझनवरच, घड्याळ न बघता. जुन्या मशीनवर आठवड्यातून एकदा चालवून बघतो, मोजून न कळणाऱ्या गोष्टींसाठी. कालच त्यात सापडलं की प्रिंट प्रिव्ह्यू पहिल्यांदा उघडायला अकरा सेकंद घेतो, सगळे फॉन्ट लोड करत बसतो. ते अजून सोडवलं नाहीये.

सातपुडा_वेब | २ जून, सकाळी ९:००

टेस्टमध्ये कमिटची संख्या धरायची कल्पना मी उचलते. माझ्याकडे फॉर्मच्या एका पानाला किती केबी जातात त्यावर तशीच मर्यादा लावते.

चोपडा_सेवाकेंद्र | ९ जून, रात्री ९:५०

परवा पाऊस झाला. काल दिवसभरात दीडशेच्या वर बिलं झाली. बिल सेव्ह होऊन पुढचं नाव टाकेपर्यंत मागचं प्रिंटरमधून अर्धंच निघालेलं असतं, आता डॉट मॅट्रिक्ससाठी थांबतो. पोऱ्याने एकही बिल दोनदा केलं नाही. प्रिव्ह्यू आम्ही बघतच नाही, त्याची घाई नको. पण महिनाअखेरचा जीएसटी रिपोर्ट अजून चहा पिऊन येईपर्यंत चालतो, तो बघा.

कोडकर_जळगाव | ९ जून, रात्री १०:०५

अप्पा, बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर काढून ठेवा, रविवारी येतो. तुमच्या पाच वर्षांच्या खऱ्या डेटावरच तो रिपोर्ट चालवून बघायचाय.